आमच्या सणाचं तुम्हाला काय

नाताळच्या आधीचे चार दिवस लोणावळ्यात दुपारी बायका डबे घेऊन निघायच्या. पत्र्याचे चौकोनी, गोल डबे, वरून ओला फडका, आणि चाल इतकी सावकाश की हातात झोपलेलं मूल असावं. आत केकचं मिश्रण असायचं. मी त्यांतलीच एक. धरणाकाठच्या वलवणहून बाजारात यायला मला वीस मिनिटं पुरतात, हातात डबा असला की मात्र पाऊण तास लागायचा. डिसेंबरचं ऊन आमच्याकडे पांढुरकं असतं, अंगावर पडतं पण बोचत नाही. धरणाच्या पाण्यावरून गार वारा यायचा. वाटेत आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, बायका भेटायच्या, एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या आणि पुढे जायच्या, कारण बोलायला थांबलं तर हात अवघडतात. आता त्या दुपारी आठवतात तेव्हा त्यांना आवाजच नसतो. नुसती चालणारी माणसं दिसतात, आणि बाजाराच्या मागच्या गल्लीतून येणारा भाजलेल्या मैद्याचा वास.

त्या गल्लीत चाचांची बेकरी होती. घराघरांत ओव्हन आले तरी आम्ही केक त्यांच्याकडेच भाजायला द्यायचो. लाकडाची भट्टी. सकाळचे पाव निघाले की भट्टी उतरणीला लागते, आणि त्या उतरत्या उबेत केक सावकाश फुगतो, असं चाचा सांगायचे. तसा वास घरच्या ओव्हनला कधीच आला नाही. चाचा मूळचे मावळातल्याच एका खेड्यातले, मुसलमान, बोलणं शेतकऱ्यांसारखं, सत्तरीच्या आसपास वय. लांब दांड्याची लाकडी फळी भट्टीच्या तोंडातून आत सरकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे, जाळ डोळ्यांवर येतो म्हणून. मला ते नेहमी प्रार्थना करणाऱ्या माणसासारखे वाटायचे. पण हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. जे म्हटलं ते वेगळंच.

मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर मंडळीतल्या भगिनींची शुक्रवारची प्रार्थनासभा चालवायचं काम माझ्याकडे आलं. मला बोलता येतं. यात खोटी नम्रता करण्यात अर्थ नाही, तीस-पस्तीस वर्षं चाळीस मुलींसमोर बोलून ते आलंच होतं. त्या वर्षी नाताळच्या आधीच्या शुक्रवारी मी ‘जीभ’ या विषयावर बोलले. माणसाच्या तोंडून निघणारा शब्द दुसऱ्याला कसा उभा करू शकतो, ख्रिस्ती माणसाचं बोलणं कसं लीन असावं, आपण मोठे नाही हे ज्याला कळलं त्याचाच शब्द कसा मऊ होतो, असं पुष्कळ काही. बोलता बोलता माझा मलाच आवाज आवडायला लागला होता. संपल्यावर दोघीतिघींनी डोळे पुसले. एक भगिनी हात धरून म्हणाली, “बाई, तुम्ही बोलत राहावं आणि आम्ही ऐकत राहावं.”

मी घरी चालत गेले ती तरंगतच. धरणाच्या भिंतीवर बगळे बसले होते, पाण्यावर धुरकट उजेड होता, आणि माझ्या डोक्यात माझीच वाक्यं फिरत होती. कुठलं वाक्य कुठे लागलं, कोण कधी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी केकचं मिश्रण फेटायला बसले तेव्हाही तीच. लोणी-साखर फेटली, अंडी घातली, मैदा चाळला, मनुका घातल्या. हात आपोआप चालत होते. मी तिथे नव्हतेच, मी अजून कालच्या सभेत उभी होते.

दुपारी डबा चाचांकडे दिला. संध्याकाळी आणला. घरी येऊन फडका काढला तर केक बसलेला. सुरी घातली तर आत जाईना. चार बोटांचा केक फुगायचा तो जेमतेम एक बोट, वर करपट पापुद्रा, आत पिठूळ गच्च गोळा.

मला काय झालं ते आजही मला नीट सांगता येत नाही. मी तो डबा उचलला, चपला घातल्या आणि निघाले. आमचे हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. “कुठे?” म्हणाले. तोवर मी फाटकाबाहेर होते. एवढंच आठवतं की वीस मिनिटांची वाट मला मुळीच आठवत नाही.

बेकरीत संध्याकाळची गर्दी होती. पाव न्यायला आलेली माणसं, खारी-टोस्टवाले, आमच्या मंडळीतल्या दोघी आपापले डबे घेऊन उभ्या. मी डबा दुकानाच्या दर्शनी फळीवर आपटला.

“हे काय केलंत चाचा?”

त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा डब्याकडे. बोटानं केकची कड दाबून पाहिली.

“भट्टीकडे लक्ष नव्हतं तुमचं,” मी म्हटलं. “एवढ्या विश्वासानं आम्ही देतो. वय झालं असेल तर सांगा ना तसं, दुसरीकडे देऊ.”

“बाई, बसा जरा,” ते म्हणाले.

“बसायला वेळ नाही मला. तुमचं काय जातंय? आमच्या सणाचं तुम्हाला काय!”

माझा आवाज वर्गातला होता. मागच्या बाकापर्यंत जाणारा. भट्टीत एक लाकूड तडकलं, तेवढंच ऐकू आलं. चाचांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. काहीतरी आलं आणि त्यांनी ते आत घेतलं. मग म्हणाले, “माफ करा बाई. डबा ऱ्हाऊ द्या हितं. उद्या दुसरा करून देतो.”

मी डबा ठेवून निघाले. परत येताना मला बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही. खरं बोलल्याचं समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा पुसताना मैद्याची चाळण उचलली. तिच्याखाली बेकिंग पावडरचं पाकीट होतं. नवं कोरं. कडसुद्धा फाडलेली नव्हती.

मी ते हातात धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. खिडकीतून धरणापलीकडचा डोंगर दिसत होता, त्याच्या पोटाशी पांढरा धुक्याचा पट्टा स्थिर उभा होता. सगळं इतकं शांत की वाटावं, काही घडलेलंच नाही. आणि मग माझ्या हातानं ते पाकीट मागच्या फडताळात, डाळीच्या डब्यांमागे सरकवलं. मी “माझ्या हातानं” म्हणते, पण तो हात माझाच होता.

दुपारी दाराची कडी वाजली. मी स्वयंपाकघरातच होते. ह्यांनी दार उघडलं. चाचांचा आवाज आला.

“बाईंचा क्येक.”

“अहो, तुम्ही एवढं चालत कशाला आलात? आत या ना, चहा घ्या.”

“न्हाई, भट्टीवर कुणी न्हाई. बाईंना म्हनावं, ह्यो मी माज्या हातानं केलाय. चांगला झालाय.”

मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. दोन पावलं टाकली असती तर समोर गेले असते. मी पडद्याची कड धरून राहिले. मग फाटक वाजलं. पडद्याच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसली. रस्त्याच्या कडेकडेनं, हात मागे बांधून, वळणापर्यंत. वळणावर गुलमोहराची सावली आहे, तिथे ते विरून गेल्यासारखे झाले.

केक उत्तम झाला होता. नाताळच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला. “बाई, या वर्षीचा तुमचा केक म्हणजे!” मी मान हलवत राहिले. मी स्वतः एक तुकडाही घेतला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण यजमानीण खात नाही यात कुणाला काही विशेष वाटत नसतं.

त्याच सकाळी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात ती हात धरणारी भगिनी भेटली. ती बेकरीत नव्हती, पण ज्या दोघी होत्या त्यांनी तिला सांगितलं होतं.

“बाई, तुम्ही बोललात ते बरंच झालं,” ती म्हणाली. “आम्ही सगळ्यांनी उरलेले डबे हायवेवरच्या नव्या बेकरीत दिले. खरंच आहे, आपल्या सणाचं त्यांना काय?”

तिच्या तोंडून माझं वाक्य. शब्द न् शब्द तोच, सूरसुद्धा माझाच, माझ्याकडून शिकल्यासारखा. अंगणात लहान मुलं कागदी टोप्या घालून धावत होती, कुणीतरी गिटार वाजवत होतं. मला वाटलं आता सांगावं. मी म्हटलं, “तुमच्याकडे पाहुणे आलेत का यंदा?”

जानेवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत मेजापाशी जाऊन भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. पाळकसाहेब दर वेळी तेच सांगतात, की ज्याच्या मनात शेजाऱ्याविषयी काही राहिलं असेल त्यानं आधी ते मिटवावं आणि मग मेजाशी यावं. इतकी वर्षं ते शब्द माझ्या कानांवरून घरंगळून जायचे. त्या दिवशी रांग उठली, माझ्या बाकावरच्या सगळ्या उठल्या, मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट दिली आणि बसून राहिले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. रंगीत काचेतून लालसर उजेड माझ्या मांडीवर पडला होता. मी त्याच्याकडेच बघत होते. वर बघायचं धाडस नव्हतं. लोकांना दिसत होतं की मी उठले नाही, आणि मला एकीकडे तेच हवं होतं, आणि एकीकडे तेच नको होतं.

घरी येताना आम्ही धरणाच्या रस्त्यानं आलो. हे दोन पावलं पुढे चालत होते. मग म्हणाले, “पाकीट मी बघितलं होतं.”

मी थांबले.

“डाळ काढायला गेलो तेव्हा. वाटलं, तू सांगशील.”

मग मी सगळं सांगितलं. बेकरीत काय बोलले तेही. ते वाक्य त्यांना जसंच्या तसं उच्चारून दाखवलं. ह्यांनी ते ऐकून घेतलं आणि पाण्याकडे बघत राहिले. आमचा संसार झाला तो असाच, मी बोलायचं आणि ह्यांनी ऐकायचं.

“मग जा ना त्यांच्याकडे,” शेवटी म्हणाले.

“काय बोलू?”

“काय घडलं ते. फक्त भाषण नको देऊस.”

सोमवारी सकाळी गेले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते, खोडत होते. वाक्य सुंदर झालं की मलाच त्याचा संशय यायचा. गल्लीत वळले तर बेकरीचं शटर खाली. गल्लीत पावाचा वास नव्हता. तो नसला की ती गल्ली किती अरुंद आणि साधी आहे ते कळत होतं. पायरीवर मेथीच्या जुड्या मांडून एक बाई बसली होती, आसपासच्या कुठल्या तरी वाडीवरची.

“मावशी, चाचा कुठे गेलेत?”

“सोमाटण्याला, ल्येकीकडं. डोळ्याचं आपरेशन झालंय न्हवं का. आठ-पंधरा दिस तरी येत न्हाईत.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “तुमी केकवाल्या बाई न्हवं?”

मी हो म्हटलं. ती मान फिरवून जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली. मला समजलं की त्या गल्लीत माझी ओळख आता ही आहे.

मी तशीच एसटी स्टँडवर गेले. घरी नुसता फोन केला. जुन्या हायवेनं जाणारी गाडी मिळाली, खिडकी मिळाली. त्या प्रवासाची आठवण मला पाण्याखालून पाहिल्यासारखी आहे. गाडी हळू जात होती. उजव्या हाताला लोहगड-विसापूर निळसर धुरात होते, डोंगर आहेत की डोंगरांच्या सावल्या तेही कळू नये असे. भात कापून झालेली खाचरं, त्यांत एकेकटी उभी गाय. कामशेत आलं, गेलं. वडगाव आलं, गेलं. मी जुळवलेली वाक्यं एकेक करून खिडकीतून गळून पडत होती आणि मी ती पडू देत होते. बऱ्याच वर्षांत माझ्या डोक्यात इतकी शांतता नव्हती. मी प्रार्थना करत होते का? शब्द तर नव्हते. फक्त एक “मी” होता आणि तो लहान लहान होत चालला होता, आणि त्याचं दुःख वाटत नव्हतं.

सोमाटणे फाट्यावर उतरून विचारत विचारत गेले. खाली शिवणाचं दुकान, वर घर. दार उघडलं ते चाचांच्या मुलीनं. ती माझी विद्यार्थिनी होती, हे मी विसरूनच गेले होते. सातवीत पहिल्या बाकावर बसायची, निबंध चांगले लिहायची. आता डोक्यावरून ओढणी, गळ्यात मोजपट्टी.

“बाई,” ती म्हणाली. नमस्कार केला. पण हसली नाही.

चाचा खिडकीजवळ खाटेवर बसले होते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, त्यातून फारसं दिसत नसावं. मी “चाचा” म्हटलं आणि त्यांनी मान वळवली.

“बाई का? आवाजावरनं वळखलं.”

तो आवाज त्यांनी कुठे ऐकला होता शेवटचा, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी समोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, “चाचा, केक माझ्यामुळे बिघडला. पावडर घालायचीच मी विसरले. ते मला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. तुम्ही केक घेऊन आलात तेव्हा मी घरातच होते. मी बाहेर आले नाही. तुमचा अपमान केला, चारचौघांत केला. माझं चुकलं. मला माफ करा.”

एवढंच. भाषण झालं नाही.

चाचांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, “पावडरीचं मला तवाच कळलं व्हतं. कड दाबली की समजतं. चाळीस वर्सं भट्टीवर हाय मी.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“दुकानात लय मान्सं व्हती, बाई. तुमच्याच दोघी उभ्या व्हत्या. त्यांच्यापुढं म्या म्हनलं आसतं, बाईच इसरल्या, तर तुमचं त्वांड कसं झालं आसतं? म्हनून बसा म्हनलं. बसला आसता तर कानात सांगितलं आसतं.”

मला ते “बसा जरा” आठवलं. मी उत्तर काय दिलं होतं तेही आठवलं. तीस-पस्तीस वर्षं मी मुलींना शब्दांचे अर्थ शिकवले, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ मला सोमाटण्यात येऊन कळला.

“भट्टीचं बोलला त्याचं काय न्हाई,” चाचा पुढे म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. “गिऱ्हाईक बोलतंच. वयाचं बोलला, त्येबी खरंच हाय. पर सनाचं बोलला ना, ते लागलं. खोटं कशाला सांगू.”

मी मान खाली घातली. त्यांना ती दिसत नव्हती.

“तुमच्या सनाचे ते चार दिस मी बिडी वढत न्हाई,” ते म्हणाले. “हाताला वास ऱ्हातो. क्येकला लागंल म्हनून. हिच्या आईनंच लावलेली सवय. ती गेली, तरी सवय ऱ्हायली.”

खाली शिवणयंत्राची घरघर चालू होती, थांबत होती, चालू होत होती. दाराच्या चौकटीला टेकून मुलगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, त्या दिवशी अब्बा घरी येऊन जेवले नाहीत. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मला बाहेरून कळलं तुम्ही काय बोललात ते. मी खूप चिडले होते. तुम्ही होतात म्हणून जास्त.”

“खरं आहे तुझं,” मी म्हटलं. विद्यार्थिनीसमोर असं बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, ते स्टूल फार बुटकं होतं. मला तिच्याकडे वर बघावं लागत होतं.

“जाऊ दे गं,” चाचा म्हणाले. “आल्यात न्हवं त्या. चा टाक.”

ती आत गेली. चहा झाला, बशीत टोस्ट आले. पिता पिता चाचांनी विचारलं, किती वाजले. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती, आणि मुलीला खालून गिऱ्हाइकानं हाक मारली होती. ती घुटमळली. मी म्हटलं, “मी घालते. चिठ्ठी दे.”

चिठ्ठी वाचली. हात धुतले. चाचांनी चष्मा काढून मान मागे टाकली आणि मी त्यांच्यावर वाकले. इतक्या जवळून मी तो चेहरा कधी पाहिला नव्हता. भट्टीच्या झळांनी भुवयांचे केस विरळ झालेले, गालावर जुना भाजल्याचा डाग. त्यांनी डोळा उघडा ठेवला होता, लाल, पाणावलेला, आणि तो माझ्याकडे बघत होता की माझ्या पलीकडे, ते समजत नव्हतं. पहिला थेंब गालावर पडला.

“सावकाश, बाई,” ते म्हणाले. “घाई न्हाई.”

निघताना म्हणाले, “झालं ते झालं. आता तुमच्या बायांना काय सांगत बसू नका. उगाच तुमाला कमीपना.”

“नाही चाचा, तेवढं मला करू द्या.”

“तुमची मर्जी,” म्हणाले आणि चष्मा लावून खिडकीकडे वळले.

मुलगी जिन्यापर्यंत आली. पायरीवर थांबून म्हणाली, “बाई, फाट्यावर या बाजूनं गाडी थांबत नाही, पलीकडे जाऊन उभ्या राहा.” तेवढंच. पण मी रस्ता ओलांडून उभी राहीपर्यंत ती खिडकीत होती.

शुक्रवारच्या सभेत मी उभी राहिले नाही. बसूनच सांगितलं. पाकिटाचं, पडद्यामागचं, बिडीचं. मधे कुणी डोळे पुसले नाहीत. मग एक म्हातारी भगिनी म्हणाली, “एवढ्याशा गोष्टीचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंत.” दुसरी म्हणाली, “आम्हाला कशाला सांगितलंत, आता तुमच्याकडे बघताना आम्हालाच कसंतरी होईल.” तिचं बरोबरच होतं. हात धरणारी भगिनी खाली बघत होती. प्रार्थना झाल्यावर चपला घालताना हळूच म्हणाली, “ते वाक्य मी माझ्या जावेला सांगितलंय. तिच्या शेजारणीलाही. आता मला जायला हवं ना सगळ्यांकडे?” मी म्हटलं, “मी येते बरोबर.” आम्ही दोघी दोन दुपारी हिंडलो. काहींनी ऐकून घेतलं. एकीनं दार अर्धंच उघडलं.

पुढच्या महिन्यात मी मेजाशी गेले. पाळकसाहेबांनी काही विचारलं नाही.

चाचांची भट्टी फेब्रुवारीत पुन्हा पेटली. पुढच्या डिसेंबरात निम्मे डबे परत आले, निम्मे हायवेवरच राहिले. तिथे गाडी लावायला जागा आहे, काचेच्या दारातून केक फुगताना दिसतो. मी चाचांना एकदा म्हटलं, “माझ्यामुळे तुमची गिऱ्हाइकं गेली.” ते म्हणाले, “काई तुमच्यामुळं ग्येली, काई पार्किंगमुळं. सगळंच सोतावर घेऊ नका, बाई.” आणि हसले. त्यांच्या त्या हसण्यातही मला एक धडा होता, कारण सगळा दोष आपल्याकडे घेण्यातसुद्धा आपण मोठे होऊ बघत असतो.

जीभ काही एका हिवाळ्यात बदलत नाही. ह्या वर्षी श्रावणात मंडळीतल्या तरुण मुलांबरोबर लोहगडवाडीला गेले होते. मुलं गडावर गेली, माझे गुडघे मला वर जाऊ देत नाहीत, म्हणून मी खाली एका टपरीत बसले. धुकं इतकं की टपरीच्या बांबूपलीकडे जग संपत होतं. चुलीचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळून कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं. माणसं त्यातून अचानक उमटायची आणि पुन्हा पुसली जायची. टपरीवाली बाई भाकरी थापत होती. तिच्या मागे पुठ्ठ्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं, ‘गरम पीटल बाकरी’.

आणि मी म्हणालेच. “मावशी, एवढी माणसं येतात वाचणारी, हे जरा नीट लिहून घ्यायचं ना. किती चुका आहेत.”

तिचे हात थांबले. वळून पुठ्ठ्याकडे पाहिलं. “मला वाचता येत न्हाई,” ती म्हणाली. “माज्या नातीनं लिवलंय. दुसरीत हाय. लय हौसेनं लिवलंय तिनं.”

पूर्वी मी इथे स्वतःच्या बाजूनं काहीतरी म्हटलं असतं, शिक्षिका आहे वगैरे. मी उठून चुलीजवळ गेले आणि तिच्या शेजारी बसले.

“मावशी, मी बोलले ते चुकलं. खूप छान लिहिलंय तिनं. मला बोलायची वाईट सवय आहे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पिठाच्या हातानं कपाळावरची बट मागे सारली आणि हसली. “आसू द्या. आमच्या सासूलाबी व्हती. लय बोलायची.”

“मग काय करायचा तुम्ही?”

“काय करनार? म्हातारी व्हती. भूक लागली की बोलायची, म्हनून आदी तिला वाडायचे मी.”

आणि तिनं माझ्यासमोर ताटली ठेवली. पिठलं कडकडीत होतं, भाकरीला चुलीचा वास होता. धुक्यातून कुठून तरी वरच्या मुलांच्या हाका येत होत्या, पुसट, कुठल्या दिशेनं तेही कळू नये अशा. मी हातानं भाकरी मोडली. ती म्हणाली, “सावकाश खावा. अजून वाडते.”